पांढऱ्या गवतावर पाय नको!

२०२३ सालच्या फेब्रुवारीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका रंगात आली होती. तिसरी कसोटी १ मार्चपासून धरमशालाला व्हायची होती. टीव्हीवर मागे धौलाधारचे बर्फाळ डोंगर दिसतात ना, तेच ते हिमाचल प्रदेशातलं देखणं मैदान. पण १३ फेब्रुवारीला क्रिकेट मंडळानं जाहीर केलं, की सामना तिथे होणार नाही, इंदूरला होईल. कारण काय असेल, ओळखा! पाऊस? भूकंप? छे. गवत! त्या भागातल्या कडक थंडीमुळे मैदानावर पुरेसं दाट गवत आलेलं नाही आणि ते यायला अजून वेळ लागेल, असं मंडळानं सांगितलं.

दोन देशांच्या संघांची विमानाची तिकिटं, हॉटेलं, हजारो प्रेक्षकांचे बेत, सगळं बदलावं लागलं.

थंडीचं आणि गवताचं असं काय वाकडं आहे? गव्हाला तर थंडी हवीहवीशी वाटते, आणि गहूसुद्धा गवतच आहे की! मग मैदानावरच्या गवतालाच एवढा त्रास का? आणि थंडीत पिवळं पडलेलं लॉन मेलं म्हणायचं की जिवंत? चला, आज याच गवताच्या मागे लागू या.

आधी ओळख करून घेऊ. आपल्याकडच्या बागांत, मैदानांवर, सोसायट्यांच्या लॉनवर जी गवतं असतात, त्यांत सगळ्यात नामांकित हरळी. गणपतीला २१ दूर्वांची जुडी वाहता ना, तीच ही. उत्तरेत तिला दूब म्हणतात, अमेरिकेत बर्म्युडा ग्रास. बागवाल्यांची ती लाडकी आणि शेतकऱ्यांची नावडती, कारण शेतात एकदा शिरली की निघता निघत नाही. गावाकडे आजोबांना विचारून बघा. खणून काढली, वेचून बांधावर फेकली, तरी पुढच्या पावसात हजर! रोपवाटिकेत ‘सिलेक्शन वन’ नावाचं जे लॉन मिळतं, तेही हरळीचंच. ‘कोरियन कार्पेट’ नावाचं मऊ गवत मात्र वेगळ्या जातीचं. पण या साऱ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यांना ऊन आणि उकाडा मानवतो. पारा २७ ते ३५ अंशांच्या दरम्यान असला की यांची नुसती चंगळ असते. तो १५ च्या खाली उतरला की वाढ रेंगाळते आणि १० च्या आसपास जवळजवळ थांबते. त्यातच एखाद्या रात्री कडक दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं की हिरवंगार लॉन काही दिवसांत पिवळट तपकिरी होऊन जातं.

आता गव्हाला जे जमतं ते हरळीला का जमत नाही? उत्तर पानाच्या आत आहे.

झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतात, हे तुम्ही शाळेत शिकलात. हवेतून आलेला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम पानातलं एक प्रथिन करतं. त्याचं नाव रुबिस्को. आहे कामसू, पण त्याला एक खोड आहे. कार्बन डायऑक्साइड पकडता पकडता ते चुकून ऑक्सिजनही पकडतं. उकाडा वाढला की या चुका वाढतात आणि झाडाची बरीचशी कमाई वाया जाते. गहू, भात, थंड देशांतली लॉनची गवतं, सगळ्यांना ही अडचण आहे.

हरळीनं यावर तोड काढली. तिच्या पानात कामाची वाटणी आहे. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड धरतात आणि तो शिरांभोवतीच्या आतल्या पेशींकडे पाठवतात. रुबिस्को बसलेलं असतं ते आत. तिथे कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी होते, की चुकायला फारसा वावच राहत नाही. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही मंडळीही हीच युक्ती वापरतात, आणि हे सगळे हरळीचे भाऊबंदच, कारण ही सारीच गवतं.

ही युक्ती माणसाला कळली ती उसामुळे. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक हे दोन शास्त्रज्ञ उसाच्या पानांवर प्रयोग करत होते, तेही एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत. उसाच्या पानात कार्बन आधी चार कार्बन असलेल्या आम्लात शिरतो, हे हवाई बेटांवरच्या ऊस संशोधकांच्याही लक्षात आलं होतं. पण तिथून पुढे तो कुठे जातो, कसा जातो, हा सगळा मार्ग हॅच आणि स्लॅक यांनी शोधून १९६६ मध्ये मांडला. त्या चार कार्बनांवरून या वनस्पतींना सी-फोर वनस्पती म्हणतात.

आता दोस्तांनो, अशी युक्ती काही फुकट मिळत नाही. कार्बन डायऑक्साइड आत पोचवायला जास्तीची ऊर्जा लागते, आणि या कामातली काही विकरं, म्हणजे एन्झाइम, थंडीत अगदी ढेपाळतात. जानेवारीतली सकाळ डोळ्यांपुढे आणा. ऊन लख्ख, पण हवा गार. हरळीचं पान उजेड पकडतच राहतं, पण त्या उजेडाचं पुढे जे काम व्हायचं, ते थंडीनं अडून बसलेलं. मग न वापरलेला उजेड पानालाच बाधतो. हरितद्रव्य मोडत जातं आणि नवं लवकर तयार होत नाही. म्हणजे थंडीत लॉन पिवळं पडतं, त्यात उन्हाचाही हात असतो! मला तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटेना.

गव्हाला यातलं काहीच लागू नाही. त्याची साधी, जुनी पद्धत गारव्यात छान चालते. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात ‘निफाडचा पारा घसरला’ अशी बातमी येते ना, तो आकडा बहुतेक वेळा तिथलाच असतो. त्याच थंडीत द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून रात्र रात्र जागतात आणि शेजारच्या वावरातला गहू मात्र खुशीत असतो.

आता रात्रीच्या एका चमत्काराकडे जाऊ. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी गवत, स्ट्रॉबेरीची पानं, गाड्यांचे टप आणि बोटींचा धक्का पांढरा झालेला दिसतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतात. पण त्याच बातमीत महाबळेश्वरचं अधिकृत तापमान सात-आठ अंश, कधी त्याहूनही जास्त दिलेलं असतं. पाणी तर शून्याला गोठतं! मग खोटं कोण बोलतंय, फोटो की तापमापक?

कुणीच नाही. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे ४ फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती तयार करणारे थॉमस स्टीव्हन्सन स्कॉटलंडमध्ये दीपगृहं बांधायचे, आणि ‘ट्रेझर आयलंड’ ही समुद्री चाच्यांची कादंबरी लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव. असो. तर तो तापमापक सांगतो ते चार फुटांवरच्या हवेचं तापमान. गवताच्या पात्याला काय सोसावं लागतंय, याचा त्याला पत्ता नसतो. वर वेण्णा तलावाचा भाग खोलगट आहे. गार हवा जड असते, ती उतारानं खाली येऊन अशा जागी साचते.

पण मुळात पातं हवेपेक्षा गार होतंच कसं? प्रत्येक वस्तू रात्रंदिवस उष्णता बाहेर टाकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात. आकाश ढगाळ असलं तर ढग त्यातली बरीच उष्णता परत पाठवतात. आकाश निरभ्र असलं तर ती वर निघून जाते आणि परत येणारी फारच थोडी असते. गवताचं पातं पातळ, त्यात साठवलेली उष्णता ती किती! खालच्या मातीत ऊब असते, पण दाट गवतात अडकलेली हवा ती ऊब वर येऊ देत नाही. वारा असता तर वरची जरा उबदार हवा खाली आली असती, पण वाराही पडलेला. मग पातं भराभर निवतं, भोवतालच्या हवेच्याही खाली जातं. हवेतली वाफ त्याच्यावर दव होऊन बसते आणि पातं शून्याखाली गेलं की ते दव गोठतं. कधी तर वाफ पाणी न होताच थेट बर्फ होऊन पात्यावर चिकटते. हेच दहिवर.

ही गोष्ट नीट शोधून काढली लंडनच्या विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरांनी. दव आकाशातून पडतं की जमिनीतून वर येतं, यावर तेव्हा पंडितांचे वाद चालायचे. वेल्स रात्री बागेत जाऊन बसायचे. लोकरीचे छोटे पुंजके वजन करून गवतावर ठेवायचे आणि सकाळी पुन्हा तोलायचे, कुणी किती दव प्यायलं ते बघायला. एक फळी चार पायांवर उभी करून त्यांनी एक पुंजका फळीच्या वर ठेवला आणि एक खाली. वरचा पुंजका खूप भिजला, खालचा थोडासाच. दोघांभोवती हवा एकच होती, फरक एवढाच की खालच्याला आकाश दिसत नव्हतं! गवतावर तापमापक ठेवून त्यांनी हेही दाखवलं, की गवत आधी गार होतं आणि मग त्यावर दव जमतं. १८१४ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकात लिहिलं.

आणि गंमत ऐका. वेल्स यांच्या कितीतरी आधीपासून आपल्या देशात लोक या निरभ्र आकाशाकडून काम करून घेत होते. फ्रिज नव्हते त्या काळात अलाहाबादला उघड्या मैदानावर सुमारे दोन फूट खोल रुंद खड्डे खणायचे, त्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं जाड थरात पसरायचे आणि त्यावर मातीची उथळ भांडी पाण्यानं भरून ठेवायचे. थंडीतल्या स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री त्या भांड्यांतलं पाणी गोठायचं. सूर्य उगवायच्या आत माणसं तो बर्फ गोळा करून साठवायची. हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही बर्फ मिळायचा! रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्यानं १७७५ मध्ये याचं वर्णन छापलं. खालच्या ताटांमुळे जमिनीची ऊब भांड्यांपर्यंत पोचत नसे आणि वरून उष्णता आकाशात निघून जाई. लॉनवरच्या गवताचं रात्री जे होतं, तेच ही माणसं मुद्दाम घडवून आणत होती. मला या कारागिरांचं फार कौतुक वाटतं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता पात्याच्या आत डोकावू. पाणी गोठून फुगतं, म्हणून पेशी फट्कन फुटतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. पेशीच्या आतल्या पाण्यात साखर, क्षार असं बरंच काही विरघळलेलं असतं, त्यामुळे ते सहजी गोठत नाही. पेशींच्या मधल्या फटींतलं पाणी त्या मानानं स्वच्छ असतं. पहिला बर्फ तिथे होतो. आणि हा बर्फ आतलं पाणी बाहेर ओढायला लागतो. काकडीच्या कोशिंबिरीत आई आधीच मीठ घालते तेव्हा फोडी मलूल होतात आणि भांड्यात पाणी सुटतं, तसंच इथे होतं, फक्त मिठाच्या जागी बर्फ. पेशी आक्रसते. थोडकंच पाणी गेलं असेल, तर सकाळी बर्फ वितळल्यावर ती ते परत घेते आणि सावरते. फारच पाणी गेलं, किंवा बर्फाचे स्फटिक पेशीच्या आतच तयार झाले, तर तिचं नाजूक पटल फाटतं आणि मग ती वाचत नाही.

म्हणूनच दहिवर पडलेल्या सकाळी लॉनवर चालायचं नाही. अशा वेळी गुडघे टेकून, लॉनच्या कडेला थांबून, भिंगातून एखादं पातं बघा. कडांना आणि टोकाला बर्फाच्या बारीक सुया उभ्या असतात. पातं नेहमी कसं लवचिक असतं, वाकवलं तर वाकतं, सोडलं की उभं राहतं. गोठलेलं पातं वाकत नाही, मोडतं. त्यावर पाऊल पडलं की करकर आवाज येतो. हा आवाज बर्फ चिरडल्याचा असतो, आणि त्या बर्फाबरोबर आतल्या पेशीही चिरडल्या जातात. त्या वेळी काहीच कळत नाही. एक-दोन दिवसांनी मात्र हिरव्या लॉनवर तपकिरी पावलं उमटतात, एकापुढे एक, बुटाच्या मापाची! कोण कुठून कुठे गेलं, ते सगळं दिसतं. गोल्फच्या मैदानांवर तर अशा सकाळी दहिवर वितळेपर्यंत खेळ सुरूच करू देत नाहीत. पैसे भरून आलेले मोठमोठे लोकही गुपचूप थांबतात.

लॉन आधीच पूर्ण तपकिरी झालं असेल तर पात्यांचं नुकसान व्हायचं फारसं राहिलेलं नसतं. तरी माती गोठलेली असताना किंवा नुकती वितळून चिखल झालेला असताना धावपळ केली, तर जमिनीलगतच्या कोंबांना आणि मुळांना इजा होते. त्यामुळे तेव्हाही क्रिकेट नको. ऊन चांगलं वर आल्यावर खेळा.

आता तो मघाचा प्रश्न. तपकिरी लॉन जिवंत की मेलेलं? जिवंत! हरळी आपला जीव पानांत ठेवतच नाही. तिची काही खोडं जमिनीवरून धावतात आणि काही जमिनीखालून, वीतभर खोल, कधी त्याच्याही खाली. त्यांच्या पेराशी डोळे असतात, म्हणजे पुढच्या कोंबांची जागा. दिवस लहान होऊ लागले, रात्री गारठू लागल्या की हरळी थंडीची बेगमी सुरू करते. पानांनी केलेली साखर खाली जाते, खोडांत पिठूळ अन्न साठतं. पेशींत विरघळलेली साखर वाढते, त्यामुळे त्यांचं पाणी बर्फाला सहजी मिळत नाही. पेशींच्या पटलांतली चरबीसुद्धा बदलते, गारव्यात घट्ट न होणारी होते. ही तयारी हळूहळू होते, काही आठवडे घेते. तयारी झालेली हरळी जातीप्रमाणे शून्याखाली पाच ते दहा अंशांपर्यंत तग धरते, आणि तयारी नसताना अचानक कडाका पडला तर त्याच्या पुष्कळ आधीच दगावते.

जमिनीखाली काय दडलेलं असतं, याचा एक शाही पुरावा दिल्लीत आहे. राष्ट्रपती भवनाच्या बागेतलं दूब गवत पूर्वी कोलकात्याहून आणलेलं. तिथले माळी वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, मुख्य बागेतलं सगळं गवत खरवडून काढतात आणि नवी माती पसरतात. तीनेक आठवड्यांत ती बाग पुन्हा हिरवी! जमिनीत राहिलेल्या खोडांचीच ही करामत.

मग अशा गवताची थंडीत निगा कशी राखायची? आपल्या वाचकांपैकी कुणी महाबळेश्वरला राहतं, कुणी आई-बाबांच्या बदलीमुळे दिल्ली, चंडीगड, जम्मूला गेलेलं असतं. तिथे तर हा दर हिवाळ्यातला प्रश्न. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की निगा थंडीत सुरू करून उपयोग नाही. ती दिवाळीच्या आसपासच करायची.

त्या सुमाराला लॉन जरा मरगळलेलं दिसतं आणि लोक प्रेमानं त्याला युरिया घालतात. हे फार वाईट! युरियातल्या नत्रानं गवत भसाभस वाढतं, पण ती वाढ कोवळी आणि पाणीदार असते. बेगमीसाठी ठेवलेलं अन्नही तिच्यात खर्च होतं. पहिल्या दहिवराच्या साधारण सहा आठवडे आधी नत्र बंद करायला हवं. माती तपासून पालाश कमी निघालं तर ते मात्र द्यावं, थंडी सोसायला त्याची मदत होते. कापण्याचंही तसंच. थंडी यायच्या आधी गवत थोडं उंच ठेवायचं, म्हणजे साखर करायला पान जास्त मिळतं आणि जमिनीलगतचे कोंब झाकलेले राहतात.

पाण्याबद्दल माळीकाकांशी बोलून बघा, मजेदार माहिती मिळेल. झोपलेल्या गवताला रोज पाणी लागत नाही, पण माती कोरडी ठणठणीत झाली तर जमिनीखालची खोडं वाळून मरतात. थंडीत गवत मरायचं हे एक मोठं कारण आहे, आणि नाव मात्र बिचाऱ्या दहिवराचं होतं. शिवाय ओलसर माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. म्हणून कडाक्याच्या थंडीची बातमी आली आणि माती कोरडी असेल, तर आदल्या दिवशी उन्हात पाणी द्यावं. पाणी साचून मात्र राहता कामा नये.

लॉनचा छोटा, लाडका तुकडा असेल तर रात्री त्यावर गोणपाट किंवा जुनी चादर ताणून धरता येते. वेल्स यांची फळी आठवली का? तीच युक्ती! गवताला आकाश दिसू द्यायचं नाही. झाडाखालच्या आणि बाकाखालच्या गवतावर सहसा दहिवर पडत नाही, त्याचंही कारण तेच. पण झाडाखालचं लॉन थंडीत सुरक्षित असं समजू नका हं. तिथे वर्षभर ऊन कमी, त्यामुळे बेगमी कमी, आणि वसंतात तेच गवत सगळ्यात उशिरा उठतं, कधी उठतच नाही.

काही लोकांना तपकिरी लॉन बघवत नाही. ते शरद ऋतूत हरळीवरच राय नावाच्या थंडीप्रिय गवताचं बी पेरतात. हरळी झोपते तेव्हा राय हिरवं होतं, आणि उन्हाळा कडक झाला की राय मरतं, हरळी वर येते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल या जगप्रसिद्ध गोल्फ मैदानावर दर एप्रिलला मास्टर्स स्पर्धा होते. टीव्हीवर ते हिरवंगार दिसतं, ते या रायमुळे. खाली हरळीची जात असते. कुणी कुणी तर तपकिरी गवतावर चक्क हिरवा रंग फवारतात! माझं मत विचाराल तर घरच्या लॉनला यातलं काहीही करू नये. रायला भरपूर पाणी लागतं, आणि वसंतात ते हरळीच्या वाटेत उभं राहतं. झोपलेलं गवत झोपू द्यावं. फार तर मधेच उगवलेला चाकवत उपटावा आणि भाजीला घ्यावा, अर्थात लॉनवर औषध मारलेलं नसेल तरच.

गवत उठतं कधी? मातीचं तापमान १५ ते १८ अंशांवर टिकू लागलं की डोळे फुटायला लागतात. तेव्हा वरची वाळकी पानं कापून टाकली की ऊन मातीपर्यंत पोचतं आणि काम लवकर होतं. पण याच वेळी सगळ्यात जपायला हवं. डिसेंबरातल्या दहिवरापेक्षा वसंतात अवचित पडलेलं दहिवर जास्त घातक असतं. गवत जागं झालेलं, बेगमी नव्या कोंबांत खर्च झालेली, थंडीची तयारी उतरलेली. अशा वेळी घाई करून खत घालायचं नाही, थंडी नक्की गेली हे कळेपर्यंत थांबायचं.

तुमच्या गावात दहिवर पडत नसलं तरी एक प्रयोग करता येईल. हरळीच्या धावत्या खोडाचे एकेका पेराचे सहा तुकडे घ्या. दोन बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा, दोन फ्रिजच्या खालच्या भागात आणि दोन बाहेर, ओल्या फडक्यात. सकाळी सगळे वेगवेगळ्या डब्यांत मातीत लावा, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवा आणि उबदार, उजेडाच्या जागी ठेवून माती ओलसर राखा. दोन-तीन आठवडे रोज बघा. कोणते फुटले, कोणते कुजले, पहिला कोंब कितव्या दिवशी आला, हे वहीत लिहा. आणि ज्यांच्या अंगणात खरंच दहिवर पडतं, त्यांनी सकाळी कापसाचे दोन बोळे तोलून बघा, एक रात्रभर उघड्यावर ठेवलेला आणि एक खुर्चीखाली.

काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा. चित्र काढून पाठवलंत तर आणखी छान!